दुधनीपर्यंत गार हवा

गाडीच्या एसीतून भट्टीतल्यासारखा वारा यायला लागला, तशी बसूची पाचावर धारण बसली. बाहेर वैशाखाचं ऊन, तेही सोलापूरचं! आणि मागच्या सीटवर त्याचे वडील, आप्पा. दवाखान्याने हात टेकले होते, घरी न्या म्हणून सांगितलं होतं. आप्पांचीही एकच इच्छा होती, दुधनीच्या आपल्या घरात डोळे मिटायचे. तिथवर त्यांचा जीव टिकावा, बाकी बसूला काही नको होतं.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ गाड्यांच्या एसीचं एक दुकान दिसलं. बसूने गाडी थेट तिथल्या कडुलिंबाखाली घातली. आप्पांनी डोळे किलकिले केले.

"दुधनी आली?"

"आलीच की, आप्पा," बसू खोटंच बोलला.

दुकानदार अण्णारावने बॉनेट उघडलं, पाइपांना मीटर जोडले. गॅस पार उतरला होता. बसू म्हणाला, पटकन भरून दे. अण्णाराव कसला ऐकतोय! आधी गळती शोधायची, जोडातलं रबर बदलायचं, मग पंपाने आतली हवा ओढून काढायची, त्यानंतर गॅस. घाईत भरला तर पुढच्या कुंभारी गावापर्यंतही पुरायचा नाही, असं त्याने बजावलं.

पंप घरघरत राहिला आणि बसूचा जीव टांगणीला लागला. मागे त्याची आई हेमावती, त्याची अव्वा, आप्पांचं डोकं खांद्यावर घेऊन पदराने वारा घालत होती. अण्णारावने भल्या मनाने सुचवलं, म्हाताऱ्यांना दुकानात कूलरसमोर आडवं करा. बसू दार उघडायला धावला. अव्वाने आतूनच हात आडवा केला.

"हलवू नको. आत्ता डोळा लागलाय त्यांचा."

तिने त्याला खिडकीशीही उभं राहू दिलं नाही. काम बघ जा, म्हणाली. काम काय बघणार, कपाळ! तो नुसता मीटरच्या काट्याकडे बघत घाम पुसत होता. आप्पांना या उकाड्यात काही झालं तर आपण जन्मभर स्वतःला माफ करणार नाही, हेच डोक्यात घोळत होतं.

मग अव्वानेच हाक मारली. पुढची सीट सरकव, यांना मांडी घालून बसवायचंय, म्हणाली. बसूचा चेहरा खुलला. आप्पांची ती जन्माची खोड. खुर्ची असो की एसटीचा बाक, पाय वर घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मांडी आठवली म्हणजे जिवाला हुशारी आली, असं त्याने गृहीत धरलं. त्याने सीट पुढे ओढून दिली आणि पुन्हा बॉनेटकडे पळाला.

अखेर गॅस भरून झाला. बसूने जाळीसमोर हात धरला. हवा अशी गार, की त्याला रडूच फुटायचं बाकी राहिलं. अण्णारावला हात जोडून तो गाडीत बसला.

"अव्वा, आता काळजी न्हाय. जोरात नेतो. आप्पांना घर दाखवतोच बघ."

"सावकाश चालव," अव्वा म्हणाली. "आता घाई कशाची? आधी सांगितलं आसतं, तर काम आर्धं टाकून तू गाडी पळवली आसतीस, आन् या उन्हात त्यांना तसंच न्यावं लागलं आसतं."

बसूचा हात गिअरवरच राहिला.

"आपल्यात जाळत न्हाईत, बसवूनच मातीत ठेवतात की," ती म्हणाली. "म्हणून अंग ताठायच्या आत मांडी घातली मी."