श्रीनाथरावांची गाळणी

अन्ननलिकेच्या कर्करोगानं श्रीनाथराव गेले, तेव्हापासून त्यांच्या नावानं भानुमतीबाई दर गुरुवारी खंडेराव गेटजवळच्या घरून इस्पितळात आमटीचे डबे नेत. घास न उतरणाऱ्या रोग्यांसाठी ती मोठ्या चाळणीतून गाळलेली असे. श्रीनाथरावांच्या आजारपणातली छोटी गाळणी मात्र खिळ्याला टांगलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. आज श्राद्धही गुरुवारीच आलं. डबे भरून झाल्यावर बाई पितरांचं पान वाढायला बसल्या. छोटी गाळणी काढून आमटी गाळली, वडा खिरीत कुस्करला, गुठळी बोटांनी मोडली. मुलानं हात धरला. “आई, छानून-गाळून कशाला? बाबांना आता सगळं गिळता येत असेल ना!” बाईंनी कुस्करलेली खीर बाजूला सारली. मग कढई तापवून त्यांनी खरपूस वडा तळला, अख्खाच पानावर ठेवला. गाळणी पदराला पुसून डब्यांच्या पिशवीत घातली. “वॉर्डात नवा पेशंट आलाय. त्याच्या बायकोला लागेल.”