ओळखीचा हात

पाच मिनिटं बंद पाडलेलं डुकराचं हृदय काल पुन्हा सुरू झालं. भुलीच्या नव्या औषधामुळे ते जोरकस चाललं, म्हणून मॅडमनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. आज तेच हृदय काढून तपासायचं होतं.

"भूल तुम्हीच द्या, रंभाजी," मॅडम म्हणाल्या. "डुक्कर घाबरलं तर ठोके वाढतील, आकडे बिघडतील. तुम्हाला ते ओळखतं."

त्यासाठीच तर महिनाभर रोज मी त्याला हाताने गूळ भरवला होता.

"दुसऱ्या कुणाला सांगा ना, मॅडम."

"सांगते. पण मग ते घाबरून मरेल."

मी सुई पाठीमागे लपवून आत शिरलो. भूल उपाशीपोटी द्यायची, म्हणून आज गूळ नव्हता. तरी ते धडपडत उठलं आणि माझा रिकामा तळहात चाटत राहिलं.

पडद्यावर त्याचे ठोके जराही वाढले नाहीत.