आधी नेटवर्क, मग भोंगा

त्याने पुन्हा संगणक बंद करून चालू केला, एका हमालाला थंड खोलीत पाठवून आतलं धोक्याचं बटण दाबायला लावलं, आणि भोंगा पुन्हा व्यवस्थित बोंबलला.

"झालं समाधान?" शीतगृहाचा मॅनेजर म्हणाला. "शुक्रवारी वीज गेली, आली, संगणक आपोआप चालू झाला. तुमचे भाऊजी आत अडकले होते. बटण दाबलं असतं तर भोंगा वाजला असता. त्यांनी दाबलंच नाही."

तंत्रज्ञाने मान वर केली नाही. इथले संगणक वर्षानुवर्षं तोच सांभाळत होता. दाराशी खुर्चीवर त्याची ताई बसली होती. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. एकच प्रश्न विचारून तिने सगळ्यांना भंडावून सोडलं होतं, आणि उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती.

"दाबलं नाही म्हणजे काय रे?" तिने आत्ताही विचारलं. "त्यांना बाहेर यायचंच नव्हतं? माझ्याकडे, पोरीकडे?"

"थांब ताई, बघतोय."

त्याने मॅनेजरला समजावून सांगितलं. संगणक चालू होताना त्याच्या पोटातल्या सेवा, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, क्रमाने उठतात, बंद होताना उलट क्रमाने झोपतात. आधी नेटवर्क, मग भोंगा. भोंगा घाईने आधी उठला, तर त्याचा बटणाशी संबंध जुळत नाही आणि तो तोंड मिटून बसतो. "कधी जुळतो, कधी नाही. असला दोष पकडणं म्हणजे डोक्याला ताप."

"पकडा मग," म्हणत मॅनेजर जेवायला गेला. ताई डोळे मिटून भिंतीला टेकली.

मॅनेजर परतल्यावर तंत्रज्ञाने पुन्हा संगणक बंद करून चालू केला. हमालाने आतून बटण दाबलं. भोंगा गप्प. परत दाबलं. गप्पच.

मॅनेजरचा चेहरा उतरला. ताई उठून उभी राहिली.

तंत्रज्ञाने पडद्यावर बोट ठेवलं. "नेटवर्क येईपर्यंत थांब, असं भोंग्याला सांगणारी एक ओळ इथे लागते. ती नाहीये."

"ती कोणी घालायची?"

"मी."

"म्हणजे त्यांनी दाबलं होतं," ताई सावकाश म्हणाली.

"दाबलं असणार, ताई. खूप वेळा."

मग ती धाय मोकलून रडली. तिला सावरायला त्याने हात पुढे केला, तेव्हा लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरलेल्या ताईने तो झटकून टाकला. "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस," एवढं बोलून ती निघून गेली.

"नोकरी तर गेलीच तुमची," मॅनेजर म्हणाला. "वर पोलिसांना कळवणं आलं. इतक्या वर्षांत एक ओळ घालायला सुचू नये माणसाला?"

मॅनेजर जेवायला जाईपर्यंत ती ओळ जागच्या जागी होती.