पहिलं पान

"अहो डोंगरे, मी कारखान्यात पंप तपासणारी बाई! बेअरिंग कुठे घासतंय ते सत्तावीस वर्षं नुसत्या कानानं सांगतेय. तेवढंच लिहा ना बायोडाटात. एक पान पुरे!" हेमांगी लोखंडे तिसऱ्यांदा तेच सांगत होती.

नोकरी केंद्राच्या काउंटरवरचे डोंगरे जांभई आवरत म्हणाले, "ताई, ते माझ्या हातात नाही. तुमच्या दंडातली चकती जन्मल्या दिवसापासून लिहितेय. तीन महिन्यांना एक पान, म्हणजे एकशे शहाण्णव पानं झाली. त्यातली ओळ जरी गाळली तरी गुन्हा आहे."

"आणि एवढं वाचतं कोण?"

"कंपनीचं यंत्र. पण अर्ज लाखभर येतात, म्हणून ते फक्त पहिलं पान वाचतं."

हेमांगीचं डोकंच फिरलं. पंप यायचे ते अठ्ठ्याऐंशी पानांनंतर. पहिल्या पानावर होतं काय, तर वजन अडीच किलो, दूध व्यवस्थित पिते, रडणं जोरदार.

डोंगरेंनी अर्ज पाठवला आणि लगेच पडद्यावर कंपनीचं उत्तर उमटलं: "आपणांस अद्याप मान धरता येत नाही. चालू-बोलू लागल्यावर पुन्हा अर्ज करावा."

"अरे, पन्नाशीला आले मी!" हेमांगी अशी ओरडली की मागची अख्खी रांग दचकली. ओरडता ओरडता तिचे डोळे भरून आले.

डोंगरेंनी गुपचूप पडदा तिच्याकडे वळवला. एकशे शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी चकतीनं इमानेइतबारे नवी नोंद केली होती: रडणं अजून जोरदार.