पुन्हा खाली

"पुन्हा खाली! डावीकडे खाली!" दुर्बिणीला डोळा लावून इंगर ओरडली.

चटईवर पालथ्या पडलेल्या तिच्या नवऱ्याने, हॅल्व्हरने, रागाने रायफलीचा बोल्ट मागे खेचला. रिकामं काडतूस गवतात उडालं. माँटानातल्या त्यांच्या नेमबाजी क्लबची वार्षिक स्पर्धा अर्ध्या तासावर आली होती आणि त्याच्या वडिलांची १९३१ सालची रायफल सहा वर्षांपासून अशीच दगा देत होती. बंदुका दुरुस्त करणाऱ्या क्लेटनने आज सकाळीही पुन्हा स्क्रू आवळले, नळी घासली, नळीच्या टोकावरची नेमाची माशीसुद्धा बदलली.

"नळीच झिजलीय, गड्या. विकून टाक."

"विकतोच. आज संध्याकाळीच."

इंगरने दुर्बिणीवरून डोळा काढला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासऱ्यांनी तिला याच रायफलीवर नेम धरायला शिकवलं होतं. मग मुलं झाली, हातात दुर्बीण आली आणि ती हातातच राहिली. हॅल्व्हरची काडतुसं मात्र आजही तीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची.

"एकच मार," ती म्हणाली. कोटाच्या खिशात वेगळं ठेवलेलं काडतूस तिने पुढे केलं.

हॅल्व्हरने श्वास रोखला. चाप ओढला. टक्. बार झालाच नाही. पण रायफलीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं.

"फुसकं निघालं!"

"फुसकं नाही. मी त्यात दारूच भरली नव्हती. मग नळी खाली कुणी ओढली?"

क्लेटन पोट धरून हसायला लागला. "अरे, बार व्हायच्या आधीच दचकतोयस तू! आणि मी लेकाचा सहा वर्षं स्क्रू आवळतोय!"

हॅल्व्हरचे कान लालबुंद झाले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुर्बिणीतून लक्ष्य दिसतं, तू दिसत नाहीस. गेल्या शनिवारी दुर्बीण बाजूला ठेवली, तेव्हा दिसलास."

हॅल्व्हर गुडघ्यावर हात टेकत उठला. धुसफुसत म्हणाला, "झोप इथे."

"मी?"

"रायफल चांगली आहे की नाही, ते कळायला नको?"

तिने थंड लाकडाला गाल टेकवला. पाच बार झाले. दुर्बिणीशी बसलेला क्लेटन प्रत्येक बाराला किंचाळत होता. "मधोमध! पुन्हा मधोमध! अगं बाई, पाचही भोकं एका बशीखाली मावतील!"

तेवढ्यात यादी घेऊन पंच आला. "चल हॅल्व्हर, तुझी पाळी."

"आडनाव राहू दे," हॅल्व्हर म्हणाला. "माझं नाव खोड आणि इंगर लिही."