ड्यूकच्या पायाशी

उभी हयात गादीवर काढून ड्यूक गोसेलिन अखेर बदकाचं हाड घशात अडकून मेला. थडग्यावरच्या पुतळ्याच्या पायाशी कोणतं जनावर कोरायचं, हे विचारायला पाथरवट रेनो आला, तेव्हा चर्चमध्ये तीन अनोळखी बायका डचेसपेक्षाही मोठ्याने रडत होत्या.

“सिंह कोर,” डचेस म्हणाली.

“बाईसाहेब, सिंह रणात पडलेल्यांना असतो. सरकार तर जेवताना... आणि लढाईत...”

“लढाई सुरू झाली की ते घरी यायचे. ठाऊक आहे मला. मग दुसरं काय असतं?”

“कुत्रा. एकनिष्ठ माणसाच्या पायाशी कोरतात.”

डचेसने त्या तिघींकडे एकवार पाहिलं.

“सिंहच कोर बाबा. रणांगण त्यांनी निदान लांबून तरी पाहिलं होतं.”