नऊ लढती, नऊ विजय

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५, सकाळी नऊ वाजता, भूमच्या बाजार आवारातील कल्याणप्पांच्या आडत दुकानात, दुसऱ्या दिवशी व्हावयाच्या व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या लढतीसाठी दोन्ही खेळाडूंचे वजन घेण्यात आले. मर्यादा एकसष्ट किलो दोनशे ग्रॅमची होती, आणि जिंकणाऱ्याला राष्ट्रीय किताबाची लढत मिळावयाची होती. भरवशाचा दुसरा काटा जवळपास नसल्यामुळे सोयाबीनची पोती तोलण्याचा काटा ओल्या फडक्याने पुसून घेतला होता.

उदगीरचा गुरुलिंग आधी चढला. एकसष्ट किलो शंभर. दोन दिवसांच्या उपासाने त्याचे ओठ चिरले होते आणि गाल आत गेले होते. उतरल्यावर तो पोत्यावर बसला आणि मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पिऊ लागला.

मग भूमचा कुलदीप चढला. त्रेसष्ट किलो तीनशे.

"काल सांजच्याला साठ-नऊशे भरला व्हतास," त्याचे प्रशिक्षक बुद्धघोष सर म्हणाले.

"काटा गंडला असंल, सर."

"काट्याला नावं ठिवू नगंस," कल्याणप्पा म्हणाले. "सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

मुष्टियुद्ध संघटनेचे निरीक्षक अंबादास यांनी घड्याळ पाहिले आणि नियमाप्रमाणे दोन तासांची मुदत दिली.

अंगात प्लास्टिकचे जाकीट घालून कुलदीप ओट्यावर उन्हात उभा राहिला आणि हवेत ठोसे मारू लागला. दहा मिनिटे त्याने ते केले, आणि ती दहा मिनिटे आवारातले हमाल विडी विझवून पाहत राहिले. त्याचा डावा हात खांद्यापासून निघालेला दिसत नसे, पोहोचलेलाच दिसे. लष्करात चोवीस वर्षे मुष्टियुद्ध शिकवलेल्या बुद्धघोष सरांनी तसा दुसरा हात पाहिला नव्हता. हे विधान ते उत्साहाच्या भरात करीत नसत. पाहिलेल्या हातांची नावे त्यांना तोंडपाठ होती.

त्यानंतर कुलदीप लघवीचे निमित्त सांगून दुकानामागे गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. पाऊण तासात तीनदा. चाहते त्याच्यासोबत फोटो काढीत होते, आणि तो प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवीत होता.

अकराला पाच मिनिटे असताना तो पुन्हा काट्यावर चढला. त्रेसष्ट किलो नऊशे.

"सोयाबीन असतं तर माल वला म्हणून कटती धरली असती म्या," कल्याणप्पा म्हणाले. हमाल खो-खो हसले. कुलदीपही हसला.

बुद्धघोष सर हसले नाहीत. ते दुकानामागे गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या. त्या त्यांनी अंबादासांच्या टेबलावर उभ्या करून ठेवल्या.

"तहान लागली, सर," कुलदीप म्हणाला. "माणूसच हाय की मी."

पोत्यावरून गुरुलिंग उठला. त्याने कुलदीपकडे पाहिलेही नाही. "सायेब, मला चालतंय. हाय त्या वजनात खेळू. कुठं सही करायची ते सांगा."

"समोरच्याची लेखी संमती असेल तर लढत होऊ शकते," अंबादास म्हणाले. "नियमात तशी तरतूद आहे. कुलदीप, तुमची हरकत नाही ना? वजनाचा दंड आपण मागाहून बघू."

सकाळपासून पहिल्यांदाच कुलदीपच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"न्हाय, न्हाय," तो म्हणाला. "रूल म्हंजी रूल. मी पावणेतीन किलोनं जड, त्यो बिचारा हलका. उद्या लोक म्हणतील, कुलदीपनं उपाशी माणूस हाणला. आपल्याला तसला डाग नगो."

"दिलदार माणूस!" चाहत्यांपैकी एक जण ओरडला. दुसऱ्याने मोबाईल उंच धरून थेट प्रक्षेपण सुरू केले होते: "नऊ लढती, नऊ विजय! कुलदीपभाऊ आजबी अजिंक्य!" त्या नऊ पराभूतांमध्ये पूर्वी एखादी लढत जिंकलेला एकही नव्हता, हे दुकानातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या.

कुलदीपने मोबाईलसमोर डावा हात वर केला. तो वर असेपर्यंत बुद्धघोष सर त्या हाताकडे पाहत राहिले, आणि मग रस्त्यात मेलेल्या जनावरावरून नजर काढून घ्यावी तशी त्यांनी ती काढून घेतली.

गुरुलिंगने सदरा घातला. "लातूरला गाडी कधी हाय, मालक?"

"हाय दुपारची. आदी घरी चल," कल्याणप्पा म्हणाले. "चार घास खा. तोंड बघ कसं झालंय."

ते दोघे गेले. चाहते कुलदीपला घेऊन रस्त्यापलीकडच्या हॉटेलात शिरले, आणि तिथून पहिली ऑर्डर मिसळीची गेल्याचे दुकानात स्पष्ट ऐकू आले.

अंबादासांनी लढत रद्द झाल्याचा छापील तक्ता पुढ्यात ओढला. नावे लिहिली, वजने लिहिली, आणि लेखणी एका रकान्यावर थांबवली.

"कारण म्हणून वजन जादा असे लिहितो, सर. त्याच्या पुढच्या वाटचालीला बाध यायला नको."

"वजन न्हाय," बुद्धघोष सर म्हणाले. "भ्याला, असं लिवा."